मशीन लावलं आणि मी पडेना

आमच्या घरात मी चक्कर येऊन पडते याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार एवढीच होती, की मी वेळ बघून पडत नाही.

पहिल्यांदा पडले ती पोळ्या लाटताना. त्या दिवशी सगळ्यांना भात खावा लागला, आणि ते अजून काढतात. दुसऱ्यांदा पडले ती पाहुण्यांसमोर. धाकट्या दीरासाठी कामरेजहून मुलीकडचे आले होते. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि ट्रेसकट मुलीच्या मामांच्या पायावर. पाहुणे म्हणाले, कळवतो. अजून कळवतायत. भावजींचं लग्न का जमत नाही याची कारणं बरीच आहेत (ते स्वतः हे एक मोठं कारण आहे), पण आमच्या घरात त्याचं एकच कारण सांगतात, आणि ते मी.

तिसऱ्यांदा पडले आणि देवी झाले.

आम्ही गुजराती मुलखात, नवागामात राहतो. हे लूमवर, कापडाच्या मागांवर आहेत. आमची बिल्डिंग सगळी खानदेशची, त्यामुळे श्रावणात कानबाई, म्हणजे साडी नेसवलेल्या नारळाची देवी, सगळ्या बायकांची मिळून बसते. विसर्जनाच्या दिवशी मी पहाटेपासून चुलीपुढे उभी. ढोल सुरू झाले, कानबाईला उचललं, आणि माझ्या छातीत एक ठोका पडायचा राहून गेल्यासारखं झालं. मग दुसराही राहिला. कानांत वारा भरला. पुढचं आठवत नाही.

डोळे उघडले तर वरच्या मजल्यावरच्या रत्नाबाई माझ्या पायावर डोकं ठेवून विचारत होत्या, "माय, माझ्या पोराला पक्की नोकरी कधी लागंल?"

मी म्हटलं, "पाणी."

"पाणी मांगी राहिनी माता," असं म्हणून कुणीतरी अख्खी कळशी माझ्या डोक्यावर ओतली. प्यायला थेंब मिळाला नाही. मी समजावायला तोंड उघडणार, तोवर समोर सासूबाई हात जोडून उभ्या दिसल्या. माणसाला स्वतःच्या घरातल्या झाडूला नमस्कार करायला लावला तर तो जसा करेल, तसा त्यांचा नमस्कार होता. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण त्यांनी माझ्यापुढे हात जोडलेले मी तेवढेच पाहिले. म्हटलं, राहू दे. थोडा वेळ देवी राहू.

माझं देवीपण महिनाभरही टिकलं नाही. एका साध्या मंगळवारी, ना सण ना ढोल, मी भाजी चिरता चिरता पडले. ओट्याची कड कपाळाला लागली, टाके पडले. देवी स्वतःच्या कपाळाला टाके पडू देणार नाही, असा बिल्डिंगीत निर्णय झाला. मी पुन्हा सून झाले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी मात्र यांना सांगितलं, "बाई अशा उभ्या उभ्या पडतात, हे चांगलं नाही. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. एखाद्या वेळी उठायच्या नाहीत."

"उठायच्या नाहीत" एवढंच यांनी घरी येऊन सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मंग सैपाक कोन करी?"

या चार पडण्यांच्या मधेमधे मी दुपारी घरात एकटी असताना पडत होते, ते कुणाला माहीत नव्हतं. दुपारी मी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते. एकदा मांडीवरच्या साडीवर तोंडावरच पडले. उठले तेव्हा गोंदाने अर्धी नक्षी माझ्या गालावर आलेली. आरशात बघून एकेक खडा काढला आणि परत साडीला लावला. त्या साडीत कुणाचंतरी लग्न लागलं असेल. जागेवरच खडे होते, फक्त थोडी माझी पावडर लागली होती.

हे मी कुणाला का सांगितलं नाही, असं कुणीही विचारेल. माझं असं आहे, की बोलायचं म्हटलं की शब्द तोंडात येईपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. आमच्या घरात तर तिसऱ्या.

भावजी इच्छापोरला कंपनीत ठेक्यावर आहेत. मोबाईलमध्ये बघून त्यांना सगळ्या आजारांचं कळतं. ते म्हणाले, "वहिनी, हॉस्पिटलची जरूरच नाही. आता घड्याळात सगळं येतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून एक काळं घड्याळ आणलं आणि माझ्या मनगटाला बांधलं. त्यात हिरवा दिवा लुकलुकायचा आणि ठोके दिसायचे.

"बघ आई, बहात्तर. एकदम फर्स्टक्लास."

सासूबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी घड्याळ माझ्या हातातून काढलं आणि लाटण्याला बांधलं. घड्याळाने थोडा विचार केला आणि दाखवलं, चौऱ्याहत्तर.

सगळे लाटण्याकडे बघत राहिले. सासूबाईंनी ते दुधी भोपळ्याला बांधलं. भोपळ्याचे ठोके अठ्ठ्याहत्तर होते.

"भोपळा घाबरी गया," रत्नाबाई म्हणाल्या.

भावजींनी घड्याळ काढून स्वतःच्या हाताला बांधलं. अजून बांधतात. वेळ बरोबर दाखवतं.

मग एकदाचे हॉस्पिटलला गेलो. मी, हे, सासूबाई आणि भावजी. (भावजी यासाठी, की डॉक्टरांशी इंग्रजीत बोलावं लागलं तर कुणीतरी हवं. डॉक्टर सगळ्यांशी गुजरातीत आणि हिंदीत बोलत होते. भावजींना बरं वाटलं नाही.)

डॉक्टर वयस्कर होते, शांत. त्यांनी कागदावर पट्टी काढली, छातीला नळी लावली, आणि म्हणाले की आत्ता तर सगळं ठीक आहे. पण पडताना हृदय काय करतं, ते पडतानाच पकडलं पाहिजे. त्यासाठी मशीनं आहेत. "चोर रोज येत असेल तर एक दिवस पहारा ठेवला तरी सापडेल. आठवड्याने येत असेल तर पंधरा दिवस बसावं लागेल. आणि महिन्या-दोन महिन्यांनी येत असेल, तर पहारेकरी घरातच ठेवायला हवा." असं म्हणून त्यांनी तीन वस्तू टेबलावर मांडल्या. एक वायरींचा डबा, तो एक दिवस कमरेला बांधायचा. एक पट्टी, छातीवर पंधरा दिवस चिकटवायची. आणि एक भुईमुगाच्या शेंगेएवढी डबी, ती कातडीखाली बसवायची, दोन-तीन वर्षं राहते.

"तर सांगा, बेन किती वेळा पडतात?"

इतका सोपा प्रश्न होता. शंभरापर्यंत मोजता येणाऱ्या कुणालाही उत्तर देता आलं असतं.

हे म्हणाले, "सगळं मिळून चारदा असेल, साहेब."

सासूबाई म्हणाल्या, "रोज पडस ती. काम दिसनं का पडस."

भावजी म्हणाले, "साहेब, मेहमान आते हैं तब गिरती है."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तमे बोलो, बेन."

हे मधेच म्हणाले, "तिला काय कळतंय साहेब, चौथी शिकलीय."

मी शब्द गोळा करत होते. महिना-दोन महिन्यांनी एकदा, कधी तीन महिने काहीच नाही, आणि जास्त करून दुपारी. वाक्य जवळजवळ तयार झालं होतं. तेवढ्यात सासूबाईंनी पट्टीकडे बोट दाखवून विचारलं, "हाई छातीवर लायीसन पंधरा दिन ती पाणी कशी भरी?" आमच्या घरात माझ्या तब्येतीचा झालेला सगळ्यात मोठा विचार तो.

झालं. रोज पडते, म्हणजे एक दिवसाचं मशीन. सासूबाईंचं मत पास झालं. माझं वाक्य पूर्ण झालं तेव्हा आम्ही लिफ्टमध्ये होतो.

तिथल्या मुलीने माझ्या छातीवर वायरी चिकटवल्या, डबा कमरेला बांधला आणि बजावलं, "आंघोळ नको. बाकी रोज घरात जे करता तेच करा."

घरी येताच सासूबाईंनी ते उलटं केलं. एवढं भाडं भरून आणलेलं मशीन, वायर निघाली तर? त्यांनी मला पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवलं. पंधरा वर्षांत मी त्या खुर्चीवर कधी बसले नव्हते, पुसली फक्त होती. पाय कुठे ठेवावेत तेसुद्धा कळेना.

आणि मग सगळे वाट बघायला लागले.

मी पडू नये म्हणून आजवर कुणी काही केलं नव्हतं. पण मी पडावं, यासाठी त्या दिवशी सगळी बिल्डिंग झटत होती. रत्नाबाई भाजीला जाताना डोकावल्या, "पडनी का?" येताना परत डोकावल्या. खालचा दुधवाला विचारून गेला. ज्यांच्याशी आमचं भांडण होतं त्या समोरच्या बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्यासमोर तर दोनदा पडली होती, आता काय झालं?" यांचा लूमवरून फोन आला. मागे मागांचा खडखडाट, त्यात हे ओरडतायत.

"पडली का?"

"नाही."

"बरं. प्रयत्न कर."

मी प्रयत्न करत होते, खोटं नाही सांगत. डोळे मिटले, श्वास धरून बघितला. हृदय असं ठाकठोक चालत होतं, की मलाच लाज वाटली. त्या भोपळ्याचेसुद्धा ठोके इतके नेमाने पडत नसतील.

संध्याकाळ गेली. सकाळ झाली. मशीन दुपारनंतर परत करायचं होतं. सासूबाईंचा धीर सुटला. "उठ वं," म्हणाल्या, "खुर्चीवर बसीसन कोन पडी?" त्यांनी मला गॅसपुढे उभं केलं आणि पोळ्या लाटायला लावल्या, पंखा बंद करून. मी घामाने भिजले, डबा कमरेवर तापला, पोळ्यांचा ढीग झाला. पडले नाही. पोळ्या मात्र चांगल्या झाल्या, असं भावजी म्हणाले. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच.

"पाहुणे बोलवायचे का?" भावजींनीच विचारलं. पण इतक्या घाईत मुलगी दाखवायला कोण येणार.

मग रत्नाबाईंना सुचलं. "ती कानबाईला पडली होती ना? ढोल वाजल्याबिगर नाही पडायची."

श्रावण संपून कधीचा गेला होता. सासूबाई म्हणाल्या, देवीशी मस्करी नको. रत्नाबाई म्हणाल्या, मस्करी कुठे, आपण देवी बसवतच नाही, नुसती गाणी म्हणायची. नारळ ठेवायचा, त्याला साडी नेसवायची नाही, म्हणजे झालं. मशीन परत गेल्यावर मग बोलू नका. सासूबाईंनी घड्याळाकडे बघितलं, देव्हाऱ्याकडे बघितलं, आणि परत घड्याळाकडे बघितलं.

भर दुपारी आमच्या दोन खोल्यांत बिल्डिंगीतल्या बायका जमल्या. कुणी ढोलकी आणली. कानबाईची गाणी सुरू झाली. मला मधोमध उभं केलं, हातात नारळ दिला. ब्लाउजमधून वायरी बाहेर आलेल्या, कमरेला डबा, कपाळाला टाक्यांचा व्रण. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी मनापासून म्हटलं, माते, एकदा पाड. यांच्यासमोर, मशीन असताना, एकदाच पाड. परत काही मागणार नाही. कारण मला कळून चुकलं होतं, की आज पडले नाही तर जन्मभर खोटी ठरेन, आणि मग खरोखर न उठण्यासारखी पडले तरी कुणी भांडं खाली ठेवून उठणार नाही.

गाणी चढत गेली. ढोलकी चढत गेली. आणि अंगात आलं.

सासूबाईंच्या.

त्यांचे केस सुटले, डोळे फिरले. "कसाले बलाई वं मले?" असं घुमत त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि मला घेऊन नाचायला लागल्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिना चढताना त्यांना माझा हात लागतो. पण देवीचे गुडघे ठीक होते. एक वायर निघाली. दुसरी निघाली. डबा सुटून माझ्या पायावर पडला आणि तिथून पलंगाखाली गेला. बायका पाया पडत होत्या. रत्नाबाईंनी मुलाच्या नोकरीचं परत विचारून घेतलं. मग देवी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिले काही नही शे. हाई ढोंग करस. हिले कामले लावा."

माझ्याबद्दल देवीचं आणि सासूबाईंचं मत इतकं जुळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्या नमल्या. मीही नमले. न नमून जाते कुठे?

देवी गेल्यावर भावजींनी पलंगाखालून डबा काढला. चिकटपट्टी वाळून गेली होती, वायरी चिकटेनात. भावजी म्हणाले, थांबा. माझ्या कामाचा साडीचा गोंद घेतला. मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ लावून बायकांकडून सगळ्या वायरी परत चिकटवून घेतल्या, अंदाजाने.

हॉस्पिटलात त्या मुलीने वायरी ओढल्या तेव्हा वायरीबरोबर मीसुद्धा थोडी निघाले. "हे काय लावलंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, गोंद. "कसला?" वायरीला एक लाल खडाही लागला होता.

डॉक्टरांनी मशीनमधलं सगळं पडद्यावर बघितलं. पहिलं सगळं सरळ, नीट. एका जागी ते थांबले, चष्मा वर केला, परत घातला. "इथे अर्धा तास भूकंप आहे. आणि त्यानंतर सगळं उलटं. हृदय उलटं टांगल्यासारखं. इथे काय झालं?"

हे फरशी बघायला लागले. भावजी मोबाईल बघायला लागले.

"पूजा व्हती," सासूबाई म्हणाल्या.

"बाकी नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाले. "पण—"

त्यांच्या "पण"पर्यंत कुणी थांबलं नाही. सासूबाई उठूनसुद्धा उभ्या राहिल्या. "मी काय सांगी राहिनू? मशीनबी तेच सांगस."

तेव्हा डॉक्टरांनी आवाज न चढवता सांगितलं, "तुम्ही सगळे जरा बाहेर बसा."

दार बंद झालं. ते म्हणाले, "बोला बेन. किती वेळा?" आणि गप्प बसले. मी शब्द शोधत होते. ते कागद बघत होते, पण दुसऱ्या विषयावर गेले नाहीत. मी पदराचं टोक गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. ते तिथेच होते. मग मी बोलले. दुपारचं सांगितलं, गालावरच्या खड्यांचं सांगितलं, महिना-दोन महिन्यांनी होतं ते सांगितलं, एक ठोका राहून गेल्यासारखं वाटतं तेही सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना, पोह्यांचंसुद्धा सांगितलं. शेवटी त्यांनीच घड्याळाकडे बघितलं.

"मग एक दिवसाचा पहारा काय कामाचा होता?" ते म्हणाले. "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

यावर सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण बाहेर माणसं खोळंबली होती.

कातडीखाली शेंग बसवायची म्हटल्यावर घरात पुन्हा सभा झाली. हे म्हणाले, रिपोर्ट तर नॉर्मल आहे. भावजी म्हणाले, त्यापेक्षा भारी घड्याळ घेऊ. सासूबाईंनी एकच विचारलं, "हाई मशीन परत देनं पडी का?" नाही, ते अंगातच राहतं, असं कळल्यावर त्या म्हणाल्या, "मंग बसाडा." परत न द्यायची वस्तू त्यांनी आजवर नाकारलेली नाही.

छातीवर डावीकडे लहानशी चीर दिली, शेंग आत सरकवली, दुपारी मी घरी. सोबत एक बटण दिलं. चक्कर येऊन गेली की मी, नाहीतर घरातल्या कुणीही, ते छातीपाशी धरून दाबायचं, म्हणजे आधीचे ठोके आत जपून राहतात. सासूबाईंनी ते बटण हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं. आणि रोज सकाळी आरती झाली की मला समोर उभी करून त्या ते माझ्या छातीला लावून दाबायच्या. वापरात असलेलं बरं, म्हणून.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "रोज सकाळी एकाच वेळेला बटण दाबलंय. सगळी जागा भरली. काय होतं त्या वेळेला?"

"आरती," मी म्हटलं.

डॉक्टरांनी सगळं पुसलं आणि बटण माझ्या हातात दिलं. मी ते कमरेला बांधलं. त्यानंतर महिने गेले. मी पडले नाही. घरात "रिपोर्ट नॉर्मल" हा शब्द पक्का झाला. मी डोकं दुखतं म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, रिपोर्ट नॉर्मल शे. मी दमले म्हटलं की हे म्हणायचे, रिपोर्ट तर नॉर्मल आहे. छातीवर हात फिरवला की शेंग बोटांना लागायची, ती नुसती बसून होती. मलासुद्धा कधी कधी वाटायचं, की देवीचं खरं असेल. मीच ढोंग करत असेन, फक्त मला कुणी कळवलेलं नाही.

मग एका सकाळी सासूबाई मंदिरात गेल्या होत्या. मी गॅसवर दूध ठेवलं. आमच्याकडे दूध उतू जाणं म्हणजे अपशकुन, सासूबाई दिवसभर तोंड फिरवून बसतात. म्हणून मी दुधापुढून हलत नाही. त्या दिवशीही हलले नाही, जागच्या जागी पडले.

डोळे उघडले तर डोळ्यांसमोर फरशी, आणि फरशीवरून दूध माझ्याकडे येत होतं. गॅस विझलेला, वास पसरलेला. मी रांगत गॅस बंद केला. खिडकी उघडली. ओटा पुसला, फरशी पुसली, फडकं पिळून लपवलं. पातेल्यात अर्धंच दूध उरलं होतं. तेवढ्यात जिन्यात सासूबाईंच्या चपला वाजल्या. मी पातेल्यात पाणी ओतून पहिल्याइतकं केलं, कपाळावरचं दूध पदराने टिपलं, आणि त्या दारात आल्यावर मला आठवलं, की बटण दाबायचं राहिलं. ते मी पदराआड दाबलं.

हॉस्पिटलात आम्ही सगळे बसलो होतो. डॉक्टरांनी शेंगेतलं पडद्यावर आणलं. ठोके, ठोके, ठोके, आणि मग नुसती सरळ रेघ. "इथे हृदय थांबलं," ते म्हणाले. "नऊ सेकंद."

"नऊ सेकंद म्हंजे कितलं?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी पेन घेतलं आणि घड्याळाकडे बघत टेबलावर टकटक केली. एक. मग दुसरी. हे सुरुवातीला पडद्याकडे बघत होते. चौथ्या टकटकीला त्यांनी माझ्याकडे बघितलं. सहाव्याला भावजींनी मोबाईल खिशात ठेवला. नऊ होईपर्यंत खोलीत कुणी श्वास घेतला नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर एकदा करून आले होते.

"पेसमेकर बसवावा लागेल," डॉक्टर म्हणाले. यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला फक्त. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. मी खरी ठरले होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते बरंच शांतपणे झालं.

डॉक्टर पुढचं बघत होते. "थांबलेलं सुरू झालं, ते ठीक. पण इथे बघा, काही मिनिटांनी. हृदय एवढं धावलंय, की मला आधी वाटलं दुसराच काही आजार आहे. इथे काय झालं, बेन?" आणि नेहमीसारखे गप्प बसले.

कुणी थांबलं की मला बोलावं लागतं. मी म्हटलं, "दूध उतू गेलं होतं, साहेब. आणि जिन्यात सासूबाईंच्या चपला वाजल्या."

मग सासूबाई हळूहळू माझ्याकडे वळल्या.

"तरीच," त्या म्हणाल्या, "त्या दिनले चहा पाणचट लागना."

पेसमेकर एका वायरीचा घ्यायचा की दोन वायरींचा, यावर मग चर्चा सुरू झाली. हे म्हणाले दोन, भावजींनी मोबाईल परत बाहेर काढला, सासूबाईंनी विचारलं की हे तरी परत द्यावं लागेल का. डॉक्टर मला म्हणाले, "बेन, तुम्हाला काही विचारायचंय?"

या वेळी सगळे थांबले होते. माझ्यासाठी एक अख्खी खोली थांबली होती. आणि खरं सांगते, माझ्या डोक्यात तेव्हा एकच होतं. निघताना मी दूध झाकलं होतं की नाही.